हिरडी ‘भरली’ म्हणजे नेमके काय भरले?

उंबरठा: “कीटण काढले की पेशी वाढतात आणि हिरडी मुळाला पूर्ववत चिकटते, पडदा घालण्याची शस्त्रक्रिया हा निव्वळ धंदा आहे,” असे काल येथे कुणी ठासून लिहिले, म्हणून हा प्रपंच. पेशी वाढतात हे खरे, पण कोणाच्या? साफ केलेल्या मुळाकडे हिरडीचे अस्तर, अस्तराखालचा ऊतक, हाड आणि मुळाला हाडाशी बांधणारे लिगामेंट अशा चौघांच्या पेशी निघतात, आणि मूळ आधी कोण व्यापतो त्यावर जखम कशी भरणार हे ठरते, असे दंतसंशोधक मेल्चर यांनी १९७६ सालीच मांडले. यांत अस्तर सर्वांत चपळ असते. ते खाली उतरून मुळाला टेकते, पॉकेट म्हणजे हिरडी आणि दात यांमधली खोल फट मिटते. पण नवे सिमेंटम, म्हणजे मुळावरचा हाडासारखा पातळ थर, आणि त्यात रुतलेले लिगामेंटचे तंतू तेथे तयार होत नाहीत. अस्तराला अडवून लिगामेंटच्या पेशींना वेळ मिळावा म्हणून हिरडी आणि मूळ यांच्या मध्ये पडदा घालतात. १९८२ साली नीमन, लिंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या खालच्या पुढच्या दातावर हे करून पाहिले आणि पुढे तो दात काढून सूक्ष्मदर्शकाखाली नवे सिमेंटम दाखवले.

सातारी_कंदी: सूक्ष्मदर्शक तुमच्यापाशी ठेवा. माझ्या वडिलांचे दात सत्तरीपर्यंत घट्ट होते. एकदा सफाई केली आणि आठ दिवसांत खालचे चार दात डुलू लागले.

उंबरठा: ते दात आधीच सुटले होते, कीटणाच्या थराने एकमेकांना जखडून ठेवले होते इतकेच. सूज ओसरली की हिरडी खाली बसते आणि फटी उघड्या पडतात.

सातारी_कंदी: म्हणजे दोष वडिलांचाच! अहो, ते त्या दातांनी ऊस सोलत होते. फी घेण्यापूर्वी एका शब्दाने कल्पना दिली असती तर आम्ही विचार केला असता.

माजघर: कल्पना द्यायला हवी होती, हे मान्य. परंतु माझ्या आईने चाळीस वर्षे मिश्री लावली. तंबाखूने हिरडीतल्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे तंतू तयार करणाऱ्या, पेशीच मंदावतात, त्यामुळे तिची जखम रेंगाळली आणि बोल मात्र डॉक्टरांना लागला. आपल्या घरांत मिश्रीचा विषय काढला की सगळे गप्प बसतात.

सातारी_कंदी: माझे वडील मिश्री लावत नव्हते. विनाकारण आरोप करू नका.

माजघर: तुमच्या वडिलांविषयी मी चकार शब्द काढलेला नाही, पुन्हा वाचा.

दातखिळी: मूळ मुद्द्यावर येतो. माझे सात मिलिमीटरचे पॉकेट निव्वळ सफाईने चारवर आले आणि नऊ वर्षे तेथेच आहे. मुळाला अस्तर टेकले की तंतू रुतले, याने मला चावताना काय फरक पडतो?

उंबरठा: रोज नीट घासत असाल तर असे अस्तरही वर्षानुवर्षे टिकते, हे नाइलाजाने कबूल करतो. शिवाय पडद्याचा उपयोग हाडात अरुंद, खोल खड्डा असेल तेथे होतो. हाड सगळीकडे सारखे झिजले असेल तर फारसा होत नाही.

सातारी_कंदी: पहिल्या प्रतिसादात हे वाक्य बहुधा पडद्याआड राहिले असावे.