मदत हवी आहे : रम डिस्टिलरी बघायला अर्धा दिवस घालवावा का? (जरा लवकर सांगा)

घाईत_आहे
पुढच्या आठवड्यात आयलंडवर चाललोय, पाच रात्री सहा दिवस, सगळं बुक झालंय, फक्त एक दिवस मोकळा आहे. बायकोने कुठल्यातरी रीलमध्ये छोट्या रम डिस्टिलरीची टूर बघितली आणि आता तिला तिथे जायचंच आहे. मला आपलं वाटतंय की बाटली एअरपोर्टवर पण मिळते, मग कारखाना कशाला बघायचा. हॉटेलवाला टूर गळ्यात मारतोय, त्याला आज रात्री हो-नाही कळवायचंय. कोणी गेलंय का? अर्धा दिवस वसूल होतो का? फालतू जोक नकोत प्लीज.

खादाडभाऊ
कुठलं आयलंड?

सातासमुद्रापार
नक्की जा!! आम्ही बार्बाडोसला माउंट गे डिस्टिलरीची टूर केली होती. तिथला सगळ्यात जुना कागद 1703 सालचा आहे म्हणे, म्हणजे आपल्याकडे औरंगजेब जिवंत होता तेव्हाचा. ब्रिजटाउनला उतरलात की टॅक्सीवाल्याला नुसतं नाव सांगा, नेतो.

खादाडभाऊ
अहो ते बार्बाडोसला चाललेत असं म्हणाले कुठे? पाच रात्रींसाठी कोण जातं तिकडे इथून.

सातासमुद्रापार
मी आपला अनुभव सांगितला. जमैकालाही ॲपलटन आहे, 1749 पासूनची.

घाईत_आहे
सॉरी, मॉरिशस. मला वाटलं कळेल.

उसाचा_रस
कसं कळणार दादा, आम्ही काय तुमचं तिकीट बघितलंय 😄 मॉरिशस असेल तर डोळे मिटून जा. दक्षिण-पश्चिमेला शामारेलच्या डोंगरात ऱ्ह्यूमरी द शामारेल आहे, 2008 साली सुरू झाली, चारी बाजूंनी त्यांचाच ऊस. सातरंगी माती आणि धबधबा तिथून जवळच, त्यामुळे ते सगळं मिळून एक दिवस होतो. उत्तरेला राहत असाल तर मापूला शातो द लाबुर्दोने बघा, 1859 चा जुना वाडा आहे आणि आवारातच रम करतात. दक्षिणेला सेंट ऑबां आहे, तिथलं घर 1819 चं. हॉटेल कुठे आहे ते सांगा, मग पुढचं बोलू.

आणि "बाटली एअरपोर्टवर पण मिळते" याबद्दल. साधी रम मळीपासून होते. मळी कुठेही नेता येते, महिनोन्‌महिने ठेवता येते. या लोकांची रम ताज्या रसाची. ऊस तोडला की रस लगेच आंबायला लागतो, म्हणून गाळायचा घाणा शेताच्या शेजारीच लागतो. हे बाटलीवर वाचून कळत नाही, तिथे उभं राहून कळतं. रसाला गोड हिरवा वास असतो आणि पांढऱ्या रममध्ये तोच वास जसाच्या तसा येतो. आमची ही म्हणाली, गुऱ्हाळात कुणीतरी स्पिरिट सांडलंय.

ओकपिंप
ताज्या रसाच्या रमला 'अग्रिकोल' म्हणतात. तिची खरी शान कॅरिबियनमधल्या फ्रेंच मार्तिनिक बेटाला, तिथे 1996 पासून फ्रेंच सरकारचा दर्जाचा शिक्का आहे. युरोपात लेबलवर अग्रिकोल लिहायचा हक्क फ्रान्सच्या समुद्रापारच्या प्रांतांना आणि पोर्तुगालच्या मदैराला, मॉरिशसला नाही.

उसाचा_रस
शिक्का चाटायचाय का रम प्यायचीय?

ओकपिंप
फक्त माहिती दिली. आणि मळीची रम म्हणजे हलकी हा गैरसमज आहे. जमैकाची मळीची रम एकदा हुंगून बघा, पिकून फुटायला आलेल्या केळ्यांचा वास येतो.

निवृत्त_रसायन
नमस्कार. मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत 31 वर्षं काढली, म्हणून थोडं लिहितो. घाईत साहेब, गाईडला एकच विचारा, "पहिली धार कुठे जाते?" आपल्याकडे पहिल्या धारेची म्हणजे उत्तम असं लोक मिशीवर ताव देऊन सांगतात. प्रत्यक्षात तांब्याच्या भांड्यातून सगळ्यात आधी उतरतं त्यात ॲसिटाल्डिहाइड, इथाइल ॲसिटेट असली हलकी द्रव्यं असतात, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा भपकारा येतो. ते बाजूला काढतात. मधला भाग प्यायचा. शेवटी जे पाणचट उतरतं त्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, ते पुढच्या खेपेत परत टाकतात. धार कुठे तोडायची हे हातावर चोळून, वास घेऊन ठरवणारा माणूस भेटला तर तुमची टूर वसूल. तांबं शोभेला नसतं हेही लक्षात ठेवा, गंधकाचे वास ते धरून ठेवतं.

वांडमुलगी
काका 🙏 आयुष्यभर पहिल्या धारेचं कौतुक ऐकलं, आज भ्रम फुटला

कोकणकडा
तिकडे जाऊन समुद्र सोडून डोंगरात भट्टी बघायची? स्नॉर्केलिंग करा. ल मॉर्नच्या बाजूला पाणी काय आहे!

खादाडभाऊ
ते विचारलं नाहीये कोकणकडा.

घाईत_आहे
थँक्यू सगळ्यांना. हॉटेल फ्लिक आं फ्लाकला आहे. मी कार घेतोय, तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात ना, मग प्रॉब्लेम नाही. टूरमध्ये टेस्टिंग असतं का?

सौ_भटकंती
असतं, पाच-सहा प्रकार तरी देतात, थोडे थोडे पण पांढरी 40-50 टक्क्यांची असते, रिकाम्या पोटी चढते. आणि कार तुम्हीच चालवणार? केस नोयालकडून शामारेलला चढणारा घाट बघितलाय का? एकेक वळण केसातल्या पिनेसारखं आणि समोरून टुरिस्ट बस. तिकडे अल्कोहोलची मर्यादाही फार कमी आहे. दिवसभराची टॅक्सी करा, नाहीतर ताईंना चालवू दे. चाखलेलं थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, लाजू नका.

घाईत_आहे
बायकोलाच तर टेस्टिंग करायचंय. मी घेतच नाही.

सौ_भटकंती
अहो मग हे आधी सांगायचं ना!! सगळं सोपं झालं. तुम्ही चालवा, ती चाखेल.

वांडमुलगी
वहिनींना माझा नमस्कार सांगा

घाईत_आहे
सोबत सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा पण आहे. त्यांचं काय करू? सासूबाई माळकरी आहेत.

खादाडभाऊ
हप्त्याहप्त्याने माहिती देताय. अजून कोण आहे? कुत्रा?

उसाचा_रस
मुलाला चाखायला मिळणार नाही, 18 ची अट आहे, पण घाणा, तांब्याची भांडी, पिंपं बघायला मजा येते. सासूबाईंना पटणार नसेल तर दुसरा उपाय: पांपलमूसजवळ बो प्लांला साखरेचं म्युझियम आहे, बंद पडलेल्या जुन्या कारखान्यातच केलंय. तिथे वेगवेगळ्या साखरा चाखायला देतात आणि शेवटी रमही. माळकऱ्यांनी साखरेपाशी थांबायचं, वहिनींनी पुढे जायचं.

निवृत्त_रसायन
कधी जाताय ते कुणीच विचारलं नाही. ऊस नसेल तर घाणा बंद, नुसती चकाचक भांडी बघून याल. तिकडचा हंगाम आपल्या उलट असतो. आपलं गाळप दसऱ्या-दिवाळीनंतर पेटतं, तिकडे साधारण जूनपासून डिसेंबरपर्यंत.

घाईत_आहे
मग हंगामातच आहे. गणपतीत जातोय. मोकळा दिवस चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी.

नामजप
गणपती घरात बसवायचे सोडून दारूच्या कारखान्यात??? धन्य आहे.

घाईत_आहे
यंदा आमच्याकडे सुतक आहे, गणपती बसत नाही. विचारून तरी बोला.

नामजप
माफ करा.

मॉरिशसकर_पाहुणा
थांबा थांबा. दोन वर्षं कामानिमित्त तिथे होतो म्हणून सांगतो. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची राष्ट्रीय सुट्टी असते आणि ती बहुतेक वेळा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी पडते, म्हणजे नेमका तुमचा मोकळा दिवस. तिकडचे मराठी लोक दीड दिवसाचा बसवतात आणि त्या दिवशी विसर्जनाला समुद्रावर येतात. कामगार सुट्टीवर म्हणजे घाणा थंड, आणि किनाऱ्याच्या रस्त्याला गर्दी. डिस्टिलरीला फोन करा, हॉटेलवाल्याच्या शब्दावर राहू नका. रविवारही टाळा. त्यापेक्षा आधीच्या किंवा नंतरच्या कामाच्या दिवशीचं काहीतरी इकडे सरकवा.

आणि सुट्टीच्या दिवशी विसर्जन बघा. फ्लिक आं फ्लाकपासून कास्कावेल जवळ आहे, तिथे मराठी लोकांचं देऊळ आहे. दीडेकशे वर्षांपूर्वी ऊस तोडायला गेलेल्यांचे पणतू आहेत ते, बोलतात क्रिओल (तिकडची बोली), पण आरतीचा ठेका आपलाच. सासूबाई सुखावतील.

घाईत_आहे
हे भारी सांगितलंत. बोटीची ट्रिप सुट्टीच्या दिवशी ढकलतो, डिस्टिलरी गुरुवारऐवजी शुक्रवारी. हॉटेलवाल्याला नाही म्हणून कळवलं.

कोकणकडा
सुट्टीच्या दिवशी बोटीला सगळं मॉरिशस येईल.

ओकपिंप
बाटली आणणार असाल तर माणशी 2 लिटरपर्यंत कस्टम लागत नाही. चेक-इन बॅगेत टाका, कपड्यांत गुंडाळून. 70 टक्क्यांवरची विमानात चालत नाही. फळं, व्हॅनिला घालून मुरवलेली मिळते तिला 'अरांजे' म्हणतात, पहिल्यांदा पिणाऱ्याला ती बरी.

खादाडभाऊ
शाकाहारी जेवणाचं कोणी बोललंच नाही. रस्त्यावर ढोल पुरी घ्या. डाळ भरलेली पातळ पोळी, पुरणपोळीतला गूळ काढला तर जे होईल तेच. सासूबाई खातील.

घाईत_आहे (बारा दिवसांनी)
परत आलो, म्हटलं धागा अर्धवट नको. शुक्रवारी गेलो, घाणा चालू होता. सासूबाई आधी बाहेर झाडाखाली बसणार होत्या, पण रसाचा वास आला आणि पदर सावरत सगळ्यांच्या पुढे. गाईडला माझ्याकडून विचारून घेतलं की चिपाडाचं काय करता, काकवी वेगळी काढता का. तो बिचारा चिपाडावर दहा मिनिटं बोलला. निवृत्त_रसायन काका, पहिल्या धारेचा प्रश्न विचारला, त्याने बाटलीतलं बोटभर हातावर ओतून वास दिला, अक्षरशः नेलपॉलिश. बायकोने पाच चाखल्या, पांढरी आवडली नाही, व्हॅनिलावाली दोन बाटल्या. मुलाने पिंपांच्या खोलीत नाक दाबून धरलं आणि बाहेर आल्यावर म्हणाला परत जाऊया. बोटीला मात्र खरंच सगळं मॉरिशस होतं.

सातासमुद्रापार
छान! पुढच्या वेळी बार्बाडोस करा.

वांडमुलगी
व्हॅनिलावाली बाटली सासूबाईंनी हुंगली का ते सांगितलं नाहीत

घाईत_आहे
हुंगली. म्हणाल्या, शिऱ्यात छान लागेल.