ई मायनरकडे हात जातो, म्हणून कान मेला?

सहातारी

परवा ‘अनवट’ यांनी जे लिहिलं ते वाचल्यापासून डोकं तापलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गिटार हातात घेतल्याबरोबर ज्याची बोटं ई मायनर, जी, सी, डी या चार कॉर्ड्सवरच (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे तीन-चार सूर) जातात तो वादक नव्हे, त्याचा कान मेलेला असतो आणि हात नुसता सवयीने चालतो, आवडती कॉर्ड कोणती विचारल्यावर जो ‘ई मायनर’ म्हणतो त्याने गिटार विकून टाकावी. खाली वाहवा करणारेही भरपूर.

माझी आवडती कॉर्ड ई मायनर आहे आणि गिटार मी विकणार नाही.

हात तिथेच का जातो याचा विचार तरी केलात का? सहा तारा ई, ए, डी, जी, बी, ई. त्यातल्या चार तारा, म्हणजे दोन्ही ई, जी आणि बी, ई मायनरच्याच सुरांवर लावलेल्या आहेत. ए आणि डीच्या तारा दुसऱ्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या पट्टीपाशी) दाबल्या की झालं. शिवाय वाद्यातला सगळ्यात खालचा सूर हाच या कॉर्डचा पाया. लाकूड जेवढं या कॉर्डला बोलतं तेवढं दुसऱ्या कुठल्याच कॉर्डला बोलत नाही. जीमध्ये तीन तारा मोकळ्या सुटतात, सीमध्ये दोन. एफचा पूर्ण बार (एक बोट सगळ्या तारांवर आडवं) धरलात की एकही नाही. हात मोकळ्या तारांकडे ओढला जातो कारण वाद्यच तसं जुळवलेलं आहे. त्यात आळस कुठे आला?

आता खरी गंमत. अनामिका आणि करंगळी सगळ्यात पातळ दोन तारांवर तिसऱ्या फ्रेटला ठेवून द्या आणि हलवू नका. (पुढचे आकडे जाड तारेपासून पातळ तारेकडे फ्रेटचे, ० म्हणजे मोकळी तार, एक्स म्हणजे न वाजवायची.) उरलेल्या बोटांनी जी (३-२-०-०-३-३), ई मायनर सेव्हन (०-२-२-०-३-३), सी ॲड नाइन (एक्स-३-२-०-३-३), डी सस फोर (एक्स-एक्स-०-२-३-३) फिरवा. खर्ज बदलत राहतो, वर डी आणि जी तसेच राहतात. सा जीला धरलात तर हे दोन सूर म्हणजे प आणि सा. तंबोऱ्याचे! लहानपणापासून मागे तंबोरा वाजत असलेलं गाणं ऐकलेल्या माणसाचा हात या चार कॉर्ड्सकडे आपोआप गेला, तर त्याचा कान जिवंत आहे असंच मी म्हणेन.

अनवट

ते मीच लिहिलं होतं आणि एक शब्दही मागे घेत नाही.

मोकळ्या तारा सुंदर वाजतात हे कोण नाकारतंय? माझा राग त्या कॉर्ड्सवर नाही, त्यांच्याशिवाय काहीच न येण्यावर आहे. ऐका. एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मी दुसरा गिटारवाला होतो. गायिकेचा घसा बसलेला, दुसरं गाणं सुरू होता होता ती मागे वळून म्हणाली, “अर्धा सूर खाली.” कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोजचं बटण दाबलं, बासवाला एक फ्रेट सरकला, मी बार धरून होतो, मीही सरकलो. पहिला गिटारवाला जीच्या मोकळ्या कॉर्ड्समध्ये. कॅपो (दांडीवर तारा दाबून धरणारा चिमटा) सूर वर नेतो, खाली नेत नाही. सगळा मुखडा तो हात थांबवून उभा राहिला. चांगला मुलगा, ताल पक्का, गळाही होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की जीच्या आकारांबाहेरही गिटार आहे. पुढच्या कार्यक्रमाला त्याला बोलावलं नाही. म्हणून मी कडक लिहितो.

आणि माझी आवडती विचाराल तर ई सेव्हन शार्प नाइन, ज्याला जग गिटारवादक जिमी हेंड्रिक्सवरून हेंड्रिक्स कॉर्ड म्हणतं. ०-७-६-७-८-एक्स. शुद्ध गंधार आणि कोमल गंधार एकाच वेळी, एकावर एक. पहिल्यांदा धरली तेव्हा अंगावर काटा आला होता. चार कॉर्ड्सच्या कुंपणात राहिलो असतो तर ती मला कधी भेटलीच नसती.

बोटभर

एफचा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या, फार दिवसांचं साचलंय.

क्लासमध्ये मला पूर्ण वर्ष ऐकवलं गेलं की ‘मुलींची बोटं लहान, एफ जमणार नाही, तू मोकळ्या कॉर्ड्स वाजव.’ मी रात्री रात्री पहिल्या फ्रेटवर तर्जनी आडवी दाबून बसायचे. बोटाला चर पडायचे आणि तारा ठप्प. शेवटी गिटार दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाकडे गेले. त्याने नटच्या (दांडीच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा पाहिल्या आणि म्हणाला, “हे तसंच दुकानातून आणलंय, कोणी सेट केलंच नाही.” खाचा उथळ, त्यामुळे पहिल्या फ्रेटपाशी तारा उंच. नटच्या अगदी शेजारी तार दाबायला आधीच सगळ्यात जास्त जोर लागतो, त्यात ही भर. त्याने कानशीने खाचा खोल केल्या, ट्रस रॉड (दांडीच्या आतली सळई) थोडा फिरवला. त्याच संध्याकाळी एफ वाजला. त्याच बोटांनी!

म्हणून ‘हात सवयीने चालतो’ वगैरे लिहिण्याआधी समोरच्याच्या गिटारची ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, बघा. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड दमट हवेने फुगतं, ब्रिजमागची फळी वर येते, तारा आणखी उंच होतात. जून ते सप्टेंबर अर्ध्या महाराष्ट्राचा हात ई मायनरकडे जाणारच.

अनवट

@बोटभर, तुमच्या क्लासवाल्याबद्दल मला संताप आला. हे मी धरलं नव्हतं. पण एफ चार तारांवरही धरता येतो, एक्स-एक्स-३-२-१-१, बार फक्त दोन तारांचा. हे तुम्हाला पहिल्याच महिन्यात कोणीतरी दाखवायला हवं होतं.

पेटीवाले काका

तुमचा वाद वाचला. मी पेटी वाजवतो, गिटारमधलं कळत नाही, पण गिटारवाल्यांचा हात कुठे जातो हे मला चांगलं कळतं, कारण तो जातो तेव्हा आमच्या भजनाचं वाटोळं होतं.

आमच्या भजनी मंडळात एक तरुण गिटार घेऊन येतो. गाणारे काळी एकमध्ये, म्हणजे सा सी शार्पला. हा पहिल्या फ्रेटवर कॅपो लावतो आणि सीचे आकार धरतो. इथपर्यंत ठीक. अभंग यमनात. दुसऱ्या ओळीला याचा हात सरळ एफवर! सीचा आकार सा धरला की एफ म्हणजे शुद्ध मध्यम, आणि गाणाऱ्याच्या गळ्यात तीव्र. दोन मध्यम एकमेकांच्या उरावर. मी पेटीवरून डोळे वटारतो, तो हसून मान डोलावतो. त्याला वाटतं मी दाद देतोय.

सी, एफ, जी हे तुम्हाला कोणी शिकवलं? कुठलंही गाणं आलं की हेच तीन. राग कुठला हे विचारायचं नाही, बोटं टाकून मोकळे. ‘अनवट’ म्हणतात ते मला तरी शंभर टक्के पटलं.

मडगावकर

काका, रागावू नका, पण सगळ्याच गाण्यांना रागाचा कायदा लावू नका. यमनातली म्हणून ओळखली जाणारी किती भावगीतं आहेत ज्यांत शुद्ध मध्यम येऊन जातो! तिथे एफ चालतो, मी वाजवलाय, गाणारी खूश होती.

माझ्या घरात मांडो (गोव्याची कोकणी गाणी) दोन सुरांत गातात, आजी वरचा, मावशी खालचा. आम्हाला हार्मनी कोणी शिकवावी लागली नाही. मुंबईच्या सिनेमासंगीतात तरी ती कुणी आणली? शंकर-जयकिशनचे अरेंजर (वाद्यसंयोजक) सेबॅस्टियन डिसोझा आमचे. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे, तेही गोव्याचे. रागदारीच्या चालींखाली कॉर्ड कशी ठेवायची याचं काम त्या पिढीने करून ठेवलंय. तुमच्या मंडळातला मुलगा चुकला म्हणून गिटार चुकली असं होत नाही.

पेटीवाले काका

सिनेमाचं सिनेमाकडे ठेवा. मी अभंगाबद्दल बोलतोय.

आणि एकटा यमन नाही. भूपात हे लोक जी वाजवतात. सा पांढरी एक, म्हणजे सी, धरा. जीमध्ये बी आहे, म्हणजे निषाद. भूपात म आणि नि वर्ज्य! ज्या रागात नि नाहीच त्यात दर चार मात्रांनी नि वाजतो आणि लोक टाळ्या वाजवतात. वर तुमचे फ्रेट. गंधार चौदा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा. तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो त्याच्याशी तुमच्या सी कॉर्डमधला ई लावून बघा एकदा, दात आंबतात.

सहातारी

काका, चौदा सेंट तुम्ही काढू नये. पेटीवर हाच आक्षेप घेऊन रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तीस वर्षं पेटीवाल्यांनी हे ऐकून घेतलं आणि आता तुम्ही तेच गिटारवाल्यांना ऐकवताय?

पेटीवाले काका

माझी पेटी गांधार ट्यूनिंगची (सूर तंबोऱ्याशी जुळवलेली) आहे, काळी एकला लावून घेतलेली. माहिती नसताना बोलू नका. वयाचा मान ठेवून बोला.

सहातारी

मान ठेवूनच बोलतोय. तुम्ही एका मुलाच्या चुकीवरून सगळ्यांना झोडपताय, तेच ‘अनवट’ यांनी केलं. भूपाचं उत्तर मात्र देतो, कारण तो प्रश्न खरा आहे.

सा सी धरून सा, रे, ग, प, ध (सी, डी, ई, जी, ए) या पाच सुरांत पूर्ण बसणाऱ्या मेजर-मायनर कॉर्ड्स दोनच, सी आणि ए मायनर. पण मी वर लिहिलेली सी ॲड नाइन बघा: सी, ई, जी, डी. सगळे भूपाचे. डी सस फोर: डी, जी, ए. तेही भूपाचे. ए मायनर सेव्हन (एक्स-०-२-०-१-०) बसते. जीऐवजी फक्त जी आणि डी वाजवा, ३-एक्स-०-०-३-३, बीच्या तारेवर डी येतो आणि निषाद गेला. म्हणजे ज्या ‘सवयीच्या’ कॉर्ड्सना इथे शिव्या पडतायत त्याच भूपाला सगळ्यात जवळच्या आहेत.

मडगावकर

हे सुंदर आहे. आत्ताच वाजवून पाहिलं.

पेटीवाले काका

भूपापुरतं मान्य. निषाद काढलात तर माझी तक्रार नाही. यमनाचं काय?

अनवट

यमनाचं मी सांगतो. काकांनी माझी बाजू घेतली तरी मला त्यांचं पूर्ण पटलेलं नाही.

सा सी असेल तर यमनाचे सूर सी, डी, ई, एफ शार्प, जी, ए, बी. हे जी मेजरचेच सूर. म्हणून एफ टाळून डी मेजर घेतली तरी धोका संपत नाही. डीनंतर जी वाजवली की कानाला जी घर वाटायला लागतो आणि सा पंचमावर जाऊन बसतो. गाणारा बिचारा स्वतःच्या ‘सा’पाशी परत येतो तेव्हा परक्या घरात आल्यासारखा येतो. चार कॉर्ड्सवाल्यांना हे कळत नाही, कारण त्यांचा हात डीवरून जीवर न विचारता जातो. माझा मूळ मुद्दा हाच होता.

उपाय: डी धरा पण खर्जात सी ठेवा. एक्स-३-०-२-३-२. तीव्र मध्यम वर चमकतो आणि खाली सा हलत नाही. तिथून सीवर या, जीवर जाऊ नका. ही कॉर्ड मी आता हेंड्रिक्सइतकीच जवळची मानतो. आणि हो, तीतसुद्धा डीची तार मोकळीच आहे. सहातारींचा एवढा मुद्दा घ्यावा लागतो.

बोटभर

करंगळीला ताण बसतो, पण जमते. माझ्या हातात जमली म्हणजे कोणाच्याही हातात जमेल.

पेटीवाले काका

आमच्या मंडळातल्या मुलाला ही दाखवतो. सगळं ठीक, पण एवढा आत्मविश्वास असेल तर मारव्याला कॉर्ड लावून दाखवा. कोमल रे, तीव्र म, पंचम नाही.

अनवट

पंचम नाही म्हणजे ‘सा’वर पूर्ण कॉर्डच उभी राहत नाही. मेजर कॉर्ड सापडते ती एकच, ए मेजर: ए, सी शार्प, ई, म्हणजे ध, कोमल रे, ग. पण ती वाजवली की ध हाच सा वाटायला लागतो.

सहातारी

मी नेहमीची सी धरेन, पण जीची तार बंद करेन. एक्स-३-२-एक्स-१-०. फक्त सा आणि ग. डीच्या तारेवरचं मधलं बोट थोडं आडवं टेकवलं की जी आपोआप दबते. स्ट्रमिंग नको, सावकाश छेडायची.

पेटीवाले काका

मारव्यात सा असा सारखा ऐकवायचा नसतो. गाणारा कोमल रे आणि धैवतावर थांबून सा लांबवतो, त्यातच त्या रागाचा जीव. तुम्ही दर आवर्तनाला सा ठेवून दिलात तर राहिलं काय?

सहातारी

मग मागे तंबोरा काय वाजवतो, काका? पहिली तार निषादाला किंवा धैवताला लावली तरी उरलेल्या तिन्ही ‘सा’च्याच. गाणारा ‘सा’ला लांबवू शकतो तो मागे सा सतत आहे म्हणूनच.

पेटीवाले काका

तंबोरा ठोका देत नाही. गिटार देते. उद्या सविस्तर लिहितो, आता मंडळात जायचंय.