‘मूळची माशी’ म्हणजे नेमकी कोणती?

भाषांतरकार: विंचेस्टर 1873 या लिव्हरच्या रायफलीचे लिलावातले वर्णन मराठीत आणते आहे. ‘ओरिजिनल साइट्स’साठी (साइट्स म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेले पुढचा आणि मागचा असे दोन भाग) ‘अस्सल दृष्टिसाधने’ लिहिले, पण वाचताना दाताखाली खडा येतो. ‘बकहॉर्न’ आणि ‘जर्मन सिल्व्हर ब्लेड’ यांपाशीही अडले आहे. कोणी सुचवेल का?

कोशप्रेमी: पुढच्या भागाला आपल्याकडे शब्द आहेच: माशी. नळीच्या टोकावरचा तो बारीक उंचवटा (तुमचे ‘ब्लेड’ तेच) लांबून बसलेल्या माशीसारखाच दिसतो. नेम धरण्यालाही जुना शब्द आहे, ‘शिस्त धरणे’. मूळ फारसी. आज शाळेत जी शिस्त लावतात, तो या शब्दाचा पुढचा अर्थ. मागच्या भागाला इतका घट्ट बसलेला शब्द नाही. ‘मागची खाच’ म्हटले तर कोणालाही कळेल. बकहॉर्न म्हणजे हरणाच्या शिंगांसारख्या दोन बाजू वर वळून जवळ येणारी खाच. तिला ‘शिंगाळी खाच’ म्हणावे, आणि बाजू कमी उंच असतील तर ‘अर्धशिंगाळी’. कोकणातल्या वाचकाला आधी शिंगाळा मासा आठवेल, पण ‘खाच’ जोडल्यावर घोटाळा राहत नाही.

संग्राहक: ‘खाच’ चालेल, फक्त एक सांभाळा. या रायफलीवर माशी आणि मागचा तुकडा दोन्ही नळीत आडव्या कोरलेल्या डव्हटेलमध्ये, म्हणजे तळाशी रुंद आणि वर अरुंद अशा चरीत, ठोकून बसवतात. त्यालाही ‘खाच’ लिहिले तर कुठे झीज आहे ते कळणारच नाही. नेम धरायची ती खाच, तुकडा बसतो ती खोबण. मागच्या तुकड्याखाली सरकणारी पायऱ्यांची पातळ पट्टी असते, पल्ल्यानुसार खाच उचलायला. तिला ‘पायरीपट्टी’ म्हणा. ती बहुतेक वेळा हरवलेली किंवा नवी असते, म्हणून वर्णनात तिचा वेगळा उल्लेख हवाच.

जर्मन सिल्व्हरला ‘चांदी’ मुळीच लिहू नका. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण. त्यात चांदी नाही. ‘चांदीची माशी’ छापले की गिऱ्हाईक भलत्याच भावाची अपेक्षा धरते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ‘ओरिजिनल’. या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी लपवतात. पहिली, त्याच रायफलीवर कारखान्यातून आलेली: ती ‘मूळची’. दुसरी, जुनी आणि खरी, पण दुसऱ्या रायफलीवरून काढून लावलेली: ती ‘त्या काळची’. तिसरी, अलीकडे बनवलेली नक्कल. ‘अस्सल’ म्हटले की पहिल्या दोन्ही त्यात बसतात, आणि किमतीतला फरक नेमका त्या दोहोंमध्येच असतो.

भाषांतरकार: हा फरक डोळ्यांनी ओळखता येतो का? की विकणाऱ्याच्या शब्दावर सोडायचे?

संग्राहक: बराचसा ओळखता येतो. खोबणीच्या दोन्ही कडा भिंगातून पाहा. मूळचा तुकडा न हललेला असेल तर कडा आणि तुकडा यांच्या फटीत जुना मळ व तपकिरी गंज सलग दिसतो. कडा चेपलेल्या, पंचाच्या (तुकडा ठोकून सरकवायच्या धातूच्या दांड्याच्या) टोकाचे ठसे किंवा उजळ ओरखडे दिसले तर तुकडा काढला गेला आहे. दुसरी खूण तुकड्याच्या बाजूला नळीवर. शंभर वर्षे झाकलेल्या जागी निळसर रंग गडद राहतो आणि आजूबाजूचा तपकिरी होतो. त्या गडद सावलीची लांबी आताच्या तुकड्याशी जुळत नसेल, तर आधी तिथे दुसराच होता. नकलेत कडा एकसारख्या धारदार आणि काळा रंग सपाट असतो, पायऱ्यांचे कोपरे ओतकामासारखे बोथट.

माशीची उंची मोजा. गोळी खाली लागते म्हणून कोणीतरी कानशीने माशी घासलेली असते. माशी बुटकी केली की गोळी वर लागते. घासलेली माशी ‘मूळची’ राहते, पण ‘अभंग’ राहत नाही. दोन्ही शब्द लिहा.

तपासायला तुकडा काढू नका. काढावाच लागला तर आधी गंज सोडवणारे तेल मुरू द्या, नळी पॅड लावलेल्या शिकंज्यात धरा आणि पितळी पंचाने, नेम धरणाऱ्याच्या बाजूने पाहता, डावीकडून उजवीकडे ठोका. बसवताना उजवीकडून डावीकडे. उलट दिशेने ठोकले की खोबण सैल पडते.

कोशप्रेमी: दस्त्याच्या मानेवर उभी राहणारी, भोकातून पाहायची ती लायमन कंपनीची साइट? तिला काय म्हणायचे?

संग्राहक: ‘भोकाची साइट’ सरळ आहे. विल्यम लायमनने तिचे पेटंट 1879 मध्ये घेतले, त्यामुळे त्याआधीच्या रायफलीवर ती दिसली की नंतर लावलेली समजावी. ‘मूळची’ लिहायला पुरावा लागतो. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयात विंचेस्टरची जुनी नोंदणी-पुस्तके आहेत. अनुक्रमांक दिला की त्या रायफलीची नोंद पत्राने मिळते. तिच्यात खास मागवलेली साइट लिहिलेली असेल तर सोन्याहून पिवळे. नेहमीची माशी मात्र सहसा लिहीत नसत, म्हणून ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘नंतरची’ असा काढू नका.

भाषांतरकार: मग वाक्य असे होते: ‘पुढे जर्मन सिल्व्हरची माशी, मूळची, किंचित घासलेली, मागे अर्धशिंगाळी खाच, त्या काळची, पायरीपट्टी नवी, खोबणीच्या उजव्या कडेला पंचाचा ठसा.’

संग्राहक: हेच छापा. फक्त ‘मूळची’च्या आधी ‘बहुधा’ घाला. पत्र नाही तोवर तेवढेच म्हणता येते.