पुन: सांगली-पुणे रात्रीची गाडी, भाच्याची तपासणी

प्रेषक: माई

मंडळी, विश्रामबागेतला भाचा वर्गात सारखा झोपतो असं कोजागिरीला बोलले होते, तेच. पुण्यातली तारीख मिळाली. दादानं रात्रीच्या स्लीपरचं तिकीट काढलंय: पहाटे पोचायचं, त्याच रात्री झोपेच्या तपासणीला भरती व्हायचं, म्हणजे शाळा कमी बुडेल. मला पटत नाहीये. रात्रभर गाडीत हलत गेलेलं पोर दुसऱ्या दिवशी पेंगणारच ना? कुणी मुलाची ही तपासणी केली असेल तर आजच सांगा. तिकीट उद्या दुपारपर्यंतच रद्द होतंय.

प्रेषक: अण्णा

माई, रद्द करा. माझ्या पुतणीच्या वेळी सगळं बघितलंय. रात्री डोक्याला तारा लावून पॉलिसोम्नोग्राफी (रात्रभराच्या झोपेची नोंद) आणि दुसऱ्या दिवशी एमएसएलटी (दिवसाच्या डुलक्यांची चाचणी): दर २ तासांनी झोपायला सांगतात, असं ४-५ वेळा, दर वेळी २० मिनिटं. सरासरी ८ मिनिटांच्या आत झोप लागली आणि त्यात निदान दोनदा १५ मिनिटांत रेम झोप (स्वप्नं पडतात ती) आली, तर नार्कोलेप्सीचा, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराचा, संशय बळावतो. (रात्रीच्या तपासणीत तशी लवकर रेम आली तर तीही एक धरतात.) पण झोप अपुरी असली तरी निकाल असाच येऊ शकतो. म्हणून तर आधी एक-दोन आठवडे झोपेची वही लिहायला लावतात. वही आहे का?

आणखी एक. नैराश्यावरच्या काही गोळ्या रेम झोप दाबतात. तसलं काही चालू असेल तर डॉक्टरांना आत्ताच कळवा, आपल्या मनानं बंद करू नका.

प्रेषक: वहिनी

वैद्यकीय प्रश्नांसाठी वेगळी ईमेल-यादी केली होती. संक्रांतीच्या हॉलचं अजून ठरायचंय, ती पत्रं यात बुडतात.

बाकी माई, चौदाव्या वर्षी कुठलं पोर सकाळी उठतं? या वयात ८ ते १० तास झोप लागते, यांना सहाच मिळते. आधी मोबाइल काढून घ्या. माझी लेक वर्गात झोपायची, रात्री तोंड उघडं टाकून घोरायची. सुट्टीत मिरजेला दाखवलं, ॲडिनॉइड्स (नाकामागच्या गाठी) निघाले. काढल्यावर महिन्याभरात पोरगी बदलली. पुण्याच्या आधी नाक-घसा बघा.

प्रेषक: काका

वहिनी, त्या यादीवर गणपतीपासून एक पत्र आलेलं नाही. निकड असलेला माणूस जिथं लोक आहेत तिथंच विचारणार. हॉलचं मी बघतो.

प्रेषक: माई

वहिनी, नाक-घसा झाला. तो घोरत नाही. मोबाइल आईच्या उशाखाली असतो, तरी ९ तास झोपून तिसऱ्या तासाला बाकावर मान टाकतो. वर्षात वजनही खूप वाढलं.

आणि दिवाळीत मी डोळ्यांनी बघितलं. आजोबा काहीतरी बोलले, हा खळखळून हसला, आणि गुडघेच मोडले. भडंगाची वाटी हातातून सुटली, जबडा लोंबला. मिनिटभरात उठून मला म्हणाला, "आत्या, मला सगळं ऐकू येत होतं." याला एका ठिकाणी फिट ठरवून सहा महिने गोळ्या दिल्या! रात्री छातीवर कुणी बसतं म्हणतो, म्हणून आईनं अंगारा लावला. पोर शाळेत आळशी, घरी झपाटलेलं. फार वाईट वाटतं.

प्रेषक: अण्णा

माई, हे हसताना गळणं म्हणजे कॅटाप्लेक्सी असू शकते, नार्कोलेप्सीतच दिसणारं, भावनेच्या भरात स्नायू एकदम सैल पडणं. तीत शुद्ध जात नाही, फिटपासून वेगळं ओळखायला हीच मोठी खूण. मुलांत चेहरा सैल पडतो, जीभही बाहेर येते, म्हणून लोक फसतात. पुन्हा झालं तर फोनवर टिपा. डॉक्टरांना ते दहा वाक्यांपेक्षा उपयोगी पडेल. मेंदूत जागं ठेवणारं हायपोक्रेटिन बनवणाऱ्या पेशी अशा नार्कोलेप्सीत नष्ट झालेल्या असतात. आळसाचा संबंध नाही, हे दादाला आणि वर्गशिक्षकांना नक्की सांगा. फिटच्या गोळ्यांचंही पुण्याला आधी कळवा.

प्रेषक: माई

तिकीट बदललं. दादा आधी ऐकेना, घटक चाचणी बुडते म्हणाला. मग डुलक्यांचं समजावलं तेव्हा गप्प झाला. पुण्याला कळवून तारीख दोन आठवडे पुढं घेतली. आता दिवसाच्या गाडीनं जातील, आधी दोन रात्री पिंपरीला मावशीकडे. वही कालपासून सुरू. त्यानं स्वतः लिहिलंय: "१०:१० ला आडवा. ६:३० ला आईनं उठवलं. बसमध्ये झोपलो. गणिताला झोपलो. डबा खाताना पण."