बाबांच्या साठीला डार्क चॉकलेट द्यावं का? मदत हवी आहे
पुढच्या आठवड्यात बाबांची साठी. बीपीची गोळी चालू, गोडावर आईचा पहारा. म्हणून डार्क चॉकलेटचा डबा द्यायचं मनात आहे. कोकोतल्या फ्लॅव्हनॉल या नैसर्गिक वनस्पती-घटकामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. रोज २०० मिलीग्रॅम फ्लॅव्हनॉलने असं होतं, हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये ग्राह्यही धरला. पण वेष्टनावर नुसतं ‘७० टक्के कोको’, फ्लॅव्हनॉल किती ते बहुधा नसतंच! त्यात अल्कलीची (कडवटपणा कमी करणाऱ्या क्षाराची) प्रक्रिया केलेल्या कोकोत ते बरंच कमी होतं, म्हणून सध्या घटकांची यादी भिंग लावून वाचतेय. काल ८५ टक्केवाला तुकडा चाखला, तोंड काढा प्यायल्यासारखं झालं. बाबा खातील, की डबा कपाटात पडून चॉकलेटवर पांढरट थर चढेल? बीपी असलेल्या घरच्या कुणाला दिलंय का? किती टक्क्यांचं आवडलं? आणि साखर-चरबी बघता रोज किती तुकडे?