मदत हवी आहे: आधी ग्राइंडर बदलू की एस्प्रेसो मशीन?
नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं घरी छोट्या मशीनवर रोज एस्प्रेसो काढतोय. सोबत आलेली प्रेशराइज्ड बास्केट (दळण कसंही असलं तरी स्वतःच दाब तयार करणारी पावडरीची जाळी) काढून साधी लावली आणि खरी अडचण तिथे कळली. १८ ग्रॅम पावडरीतून ३६ ग्रॅम कॉफी साधारण २५ ते ३० सेकंदांत उतरायला हवी. माझा ग्राइंडर एक क्लिक बारीक केला की ४५ सेकंद थेंब थेंब गळत राहते, एक क्लिक जाड केला की १५ सेकंदांत भसाभस येते. मधलं काही नाहीच. कप एकतर कडू, नाहीतर आंबट.

म्हणून आधी स्टेपलेस (क्लिक नसलेला, हवं तितकं बारीक-जाड करता येणारा) ग्राइंडर घ्यावा असं वाटतंय. हाताने फिरवायचाही चालेल, दिवसाला दोनच कप होतात.

मशीनचं दुखणं वेगळं. बॉयलर (पाणी तापवणारी टाकी) एकच, त्यामुळे शॉट काढल्यावर दुधासाठी वाफ तयार होईपर्यंत थांबावं लागतं आणि तोवर क्रेमा (कॉफीवरचा सोनेरी फेस) विरतो. मला हलक्या भाजणीच्या बिया आवडतात, त्यांना तापमान स्थिर लागतं. मग पीआयडीवालं (तापमान स्थिर ठेवणारा नियंत्रक असलेलं) सिंगल बॉयलर पुरेल, की थेट ड्युअल बॉयलरच (कॉफीला आणि वाफेला वेगळे बॉयलर असलेलं) घ्यावं? दोन्ही वापरलेल्यांनी कृपया सांगा.