गोळ्यांच्या नशेबद्दल निवेदन द्यायचंय, त्यात मागायचं नेमकं काय?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं गाव मालेगावपासून फार लांब नाही. तिकडे जिला 'कुत्ता गोळी' म्हणतात ती अल्प्राझोलाम, म्हणजे चिंता-अस्वस्थतेवरची गुंगी आणणारी गोळी, आता आमच्या स्टँडमागे सुटी मिळते. थोरल्या भावाचा मुलगा, वय वीस, यंत्रमागावर रात्रपाळी करायचा. दिवसा झोप लागेना म्हणून कुणीतरी अर्धी दिली. आता एका वेळी चार-पाच खातो. जीभ जड, डोळे अर्धे मिटलेले, अन् तशातच वहिनीच्या अंगावर धावून जातो. सकाळी विचारलं तर शपथेवर सांगतो, मी काही केलंच नाही. खोटं बोलत नाही तो, खरंच आठवत नाही.

महिला मंडळानं सोमवारी पोलीस ठाण्यावर मोर्चा ठरवलाय. पतसंस्थेत कारकून म्हणून निवेदन माझ्या गळ्यात. 'विक्रेत्यांवर कठोर कारवाई करावी' याच्यापुढे पेन हलत नाही. मागं हेच दिलं होतं. शिक्का मारून पोच मिळाली, आठवडाभर छापे पडले, पुन्हा जैसे थे. या वेळी काय लिहू?

रोखठोक_नाना
लिहिता काय! दोन-चार पोरं चौकात फोडून काढा, गाव सुतासारखं सरळ होईल.

निवृत्त_औषधवाला
नाना, मी सरकारी दवाखान्यात औषधं वाटण्यात नोकरी घालवली. कोठडीत टाकल्यावर फिट आलेली पोरं आमच्याकडे आणायचे, म्हणून सांगतो. रोज खाणाऱ्याची ही गोळी एकदम तोडली तर झटके येतात, जीवसुद्धा जाऊ शकतो. डॉक्टर ती टप्प्याटप्प्यानं उतरवतात. भाऊ, पुतण्याला खोलीत कोंडून 'गोळी सोड' म्हणू नका, आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. तोवर १४४४६ वर फोन करा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत.

आता निवेदन. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वनमध्ये येते. म्हणजे दुकानदारानं चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, अन् वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहून वही तीन वर्षं जपायची. ही वही तपासणं पोलिसांचं नाही, अन्न व औषध प्रशासनाचं काम. घाऊक विक्रेत्याकडून किती माल आला आणि वहीत किती चढला, एवढा ताळा घातला तरी गळती कुठे आहे ते दिसतं. तुमच्या निवेदनात त्या खात्याचं नावच नसेल, पैजेवर सांगतो. तपासणी झाली का, किती दुकानांची, काय सापडलं, हे लेखी मागा.

काळा_डगला
काकांच्या मुद्द्याला जोडून. नानांसाठी आधी: अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ वाचा. नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणातल्या मालाचा गुन्हा असेल आणि व्यसनी माणूस आपणहून उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. पण उपचार सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणीच हवेत. तालुक्यात तसं ठिकाणच नसेल तर या कलमाचं गरिबानं काय लोणचं घालायचं?

दुसरं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास 'मानसिक आजार' या व्याख्येत आहेत. कलम १८ सांगतं की किमान सेवा जिल्ह्यात नसतील तर जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारनं सोसायचा. हे निवेदनात जसंच्या तसं टाका. उपजिल्हा रुग्णालयात खाटा किती, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येणार, औषधसाठा आहे का, याची तारखेसह मागणी करा.

आणि मोर्चा ठाण्यावर नेऊन काय उपयोग? अमली पदार्थांविरुद्ध सगळ्या खात्यांचा मेळ घालणारी एन्कॉर्ड नावाची जिल्हा समिती असते, अध्यक्ष जिल्हाधिकारी. तिच्या बैठकांची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, नाहीतर त्याच कारणावरून परत पाठवतील. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. इतिवृत्तात 'जप्ती' हा शब्द किती वेळा येतो आणि 'उपचार' किती वेळा, ते बघा.

पुण्याची_मावशी
माझा भाचा इथल्या मुक्तांगणला राहून आला, १९८६ पासूनचं व्यसनमुक्ती केंद्र आहे, माणसं भली. पण हातावर पोट असलेल्या घरानं पोरगं एवढ्या लांब कसं ठेवायचं? म्हणून तालुक्यातच सोय मागा. आणि मोर्चात पुढे आयांना उभं करा, पुढाऱ्यांना नको. आमदारांना मात्र वेगळी प्रत द्या, विधानसभेत प्रश्न लावायला.

रोखठोक_नाना
विकणाऱ्यांना तरी सोडू नका म्हणतो मी.

गिरणाकाठ
नाना, तो परिच्छेद आहेच, फक्त तिसऱ्या नंबरवर गेलाय. सगळ्यांचे आभार. मोर्चा आता प्रांत कार्यालयावर न्यायचं ठरतंय. मंडळाच्या अध्यक्षबाईंना पटलंय, बाकीच्यांना ठाणंच हवंय, कारण तिथे वार्ताहर येतात. काका, एक विचारू? गावातल्या केमिस्ट मंडळींच्या सह्या घ्याव्यात का? त्यातला एकजण स्वतःच सुटी विकतो असा संशय आहे.

निवृत्त_औषधवाला
सगळ्यांकडे जा, त्याच्याकडेसुद्धा. वहीच्या तपासणीचा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवा आणि मग सहीला कागद पुढे करा.